रेट माय प्रोफेसर्स: मिरची गेली, ठसका राहिला

अमेरिकेत एमएसला निघालेली आपली मुलंही कोर्स निवडण्याआधी हे संकेतस्थळ चाळतात. इथे विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना गुण देतात. १९९९ पासून ते सुरू आहे. दर्जा आणि काठिण्य, दोन्हींना पाचपैकी गुण, खाली शेरा. नाव गुप्त. आणि लिहिणारा त्या वर्गात बसला होता याचा पुरावा कोणी मागत नाही! सगळी गोम इथेच आहे.

२०१८ पर्यंत प्राध्यापक 'हॉट' आहे का, हे सांगायला लाल मिरचीचं चिन्हही होतं. प्राध्यापिकांनी जाहीर टीका केल्यावर ते काढलं. शेऱ्यांची भाषा मात्र तशीच राहिली. इतिहासाचे प्राध्यापक बेंजामिन श्मिट यांनी २०१५ साली इथले सुमारे १.४ कोटी शेरे तपासले, तेव्हा 'जीनियस' पुरुषांच्या, तर 'बॉसी' बायकांच्या वाट्याला जास्त आलेलं दिसलं.

हा भेदभाव या संकेतस्थळापुरताच नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकांची नावं अदलाबदल करून पाहिली होती. पेपर परत द्यायला सारखाच वेळ, तरी तत्परतेचे गुण पुरुषाच्या नावाला ४.३५, बाईच्या नावाला ३.५५. विद्यार्थी मोजकेच होते, हेही खरं.

प्राध्यापकांनो, अश्लील शेरा आला तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मगच शेऱ्याजवळच्या झेंड्यावर दाबून तक्रार करा. शेरा उडाला की विभागप्रमुखांना दाखवायला हातात काही उरत नाही.

विद्यार्थ्यांनी परीक्षेचं स्वरूप, गृहपाठ, हजेरी एवढंच इथून घ्यावं. सरासरी गुण सोडून द्या. पाच-सहा शेऱ्यांची सरासरी ती काय! संकेतस्थळाला माझे गुण: पाचपैकी दोन.