चाकाच्या शब्दांचे मूळ शोधायला एटिमऑनलाइन कितपत पुरते?

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, म्हणजे सगळे जिला एटिमऑनलाइन म्हणतात ती साइट, डग्लस हार्पर या अमेरिकी अभ्यासकाने उभी केली. वापरायला मोफत आहे. रोजच्या शब्दांसाठी ती चांगलीच आहे, पण व्युत्पत्तीच्या कोशाचा कस लागतो तो कारागिरांच्या शब्दांवर. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: छकडे आणि घोडागाड्यांच्या भागांची जुनी इंग्रजी नावे. हे शब्द सुतार-लोहारांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि कागदावर बऱ्याचदा उशिरा उतरले.

चाकाच्या बाबतीत साइट फार भक्कम आहे. सुरुवात तुंब्यापासून, म्हणजे आरे ज्यात बसतात त्या चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यापासून करा. त्याला जुना शब्द ‘नेव्ह’. शोधल्यावर एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी समोर येतात. एक चर्चच्या मधल्या दालनाची; ती लॅटिनमधल्या जहाजावरून आलेली. दुसरी चाकाची. घाईत पहिलीच वाचली तर तुंब्याचा संबंध जहाजाशी जोडून आपण मोकळे होतो, आणि ही चूक सर्रास होते. चाकाची नोंद जुन्या इंग्रजीतल्या ‘नफु’पर्यंत नेते आणि तिथून बेंबीच्या शब्दाशी नाते सांगते. शब्दाच्या मूळ धातूच्या, म्हणजे ज्यापासून शब्द निघाले त्या मुळाच्या, पानावर संस्कृत ‘नाभि’ भेटते. वेदांतही रथचक्राच्या मध्याला नाभीच म्हटले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला इथे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

आता त्याच धाग्याने ‘ऑगर’ या नोंदीवर जा. ऑगर म्हणजे मोठे गिरमिट. जुन्या इंग्रजीत ते ‘नफुगार’ होते: नफु म्हणजे तुंबा, गार म्हणजे भाला. तुंब्याला आरपार भोक पाडणारा भाला. पुढे ‘अ नॉगर’ हे बोलताना ‘ॲन ऑगर’ असे तुटले आणि शब्दाचा पहिला ‘न’ गळून गेला. ‘एप्रन’चेही असेच झाले आहे. सुताराच्या हत्याराचे नाव चाकावरून पडले आणि नंतर चाकाशी असलेली खूणच पुसली गेली, हे दोन नोंदींत कळते. साइटची खरी ताकद या एकमेकींना जोडलेल्या नोंदींत आहे.

तुंब्याचाच आजचा शब्द ‘हब’. त्याची नोंद वाचताना सनावळीकडे नीट बघा. शब्द 1640च्या दशकात सापडतो, पण तो चाके बनवणाऱ्यांचा शब्द होता. सर्वसामान्य वापरात येतो 1828च्या सुमारास, आणि सायकलीमुळे आणखी पसरतो. नोंदीच्या सुरुवातीला दिलेले साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. तो लिहिलेला सापडल्याचा पहिला पुरावा. कारागिरीच्या शब्दांत या दोहोंतले अंतर शतकांचेही असू शकते. मूळ धातूंच्या आधी जी चांदणी (*) दिसते तिचा अर्थही ठाऊक हवा: ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, तुलनेवरून बांधलेले आहे.

चाकाच्या कडेच्या लाकडाला ‘फेलो’ म्हणतात, काही ठिकाणी ‘फेली’. जुने रूप ‘फेल्ग’. व्युत्पत्ती बरोबर मिळते, पण साइटवरच्या व्याख्या आखूड असतात आणि वस्तू डोळ्यांसमोर उभी राहत नाही. फेलो म्हणजे वाकीव कापलेला एकेक तुकडा. त्यात सहसा दोन आरे बसतात, म्हणून बारा आऱ्यांच्या चाकाला सहा फेलो लागतात. इंग्लंडमधल्या चांगल्या चाकात तुंबा एल्मचा, कारण त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात आणि इतकी भोके पाडूनही तो चिरत नाही. आरे ओकचे, फेलो लवचिक ॲशचे.

ही बांधणी माहीत असली की ‘टायर’ची नोंद नीट उलगडते. हा ‘अटायर’चा, म्हणजे पोशाखाचा, आखडलेला शब्द: चाकाला घातलेला साज. आधी ही धाव, म्हणजे चाकाच्या कडेवरचे लोखंड, अखंड नसे. ‘स्ट्रेक’ नावाच्या लोखंडी पट्ट्या फेलोंच्या सांध्यांवर ठोकत. अखंड कडे नंतर आले. ते तापवून चढवायचे आणि पाणी ओतून आवळायचे. स्पेलिंगमध्ये आय की वाय, हा वाद वाटतो तितका सरळ नाही. वाय जुनाही आहे. मधल्या काळात आय रूढ झाले आणि हवेच्या टायरांच्या जमान्यात ब्रिटनने वाय पुन्हा उचलले.

‘लिंचपिन’ म्हणजे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घातलेली खीळ. जुना ‘लिनिस’ हा शब्दच त्या खिळीचा. त्याचा अर्थ अंधूक झाल्यावर पुढे ‘पिन’ जोडली गेली. ‘ॲक्सल’ (आस) हा नॉर्सकडून, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून, आलेल्या ‘ॲक्सलट्री’चा तुकडा आहे, आणि त्याचे नाते संस्कृत ‘अक्ष’शी. यातला ‘ट्री’ म्हणजे झाड नव्हे, लाकडाचा दांडा. घोड्याचे ओढण्याचे पट्टे ज्याला बांधतात त्या आडव्या दांड्याच्या ‘स्विंगलट्री’ आणि ‘व्हिपलट्री’ या नावांतही तोच. ‘योक’ आणि आपले जू यांचे मूळ तर एकच, संस्कृत ‘युग’च्या घराण्यातले.

गाड्यांच्या प्रकारांची नावे साइट सहज पार पाडते. ‘कोच’ हंगेरीतल्या कोच गावावरून, लँडो जर्मनीतल्या गावावरून, हॅन्सम 1834 साली पेटंट घेणाऱ्या जोसेफ हॅन्समवरून. मुंबईकरांची व्हिक्टोरिया राणीवरून, हे सांगायला कोश लागत नाही.

साइट कमी पडते ती गावोगावच्या शब्दांत. इंग्लंडमध्ये वॅगनची घडण परगण्यागणिक बदले आणि तिच्या भागांची नावेही बदलत. सामान्य वाचकासाठी केलेल्या साइटकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी जोसेफ राइट यांचा 1898 ते 1905 या काळात सहा खंडांत निघालेला बोलींचा कोश आहे. इन्सब्रुक विद्यापीठाने तो ऑनलाइन ठेवला आहे. जुन्या इंग्रजी रूपांची खातरजमा बॉसवर्थ-टॉलर कोशात करावी, मधल्या काळातल्या उताऱ्यांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश बघावा. तिन्ही मोफत आहेत.

मग ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला पैसे मोजावेत का? शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या साली, कोणत्या वाक्यात आला हे हवे असेल तर जरूर. ते काम दुसरे कुणी इतक्या बारकाईने करत नाही. नुसते मूळ हवे असेल तर गरज नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आधी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड चालते का ते पाहावे, बऱ्याच ठिकाणी चालते. आणि नोंद शेवटची कधी सुधारली हे तिच्यावरच दिलेले असते, ते न चुकता बघावे. पहिली आवृत्ती 1884 ते 1928 अशी भागाभागाने निघाली. नव्या फेरतपासणीतल्या नोंदी मार्च 2000 पासून एम अक्षरापासून येऊ लागल्या. त्यामुळे ‘नेव्ह’ची नोंद ताजी असते, तर एखाद्या आडबाजूच्या शब्दाची शंभर वर्षांपूर्वीची.

व्युत्पत्तीला मराठी जोड हवी असेल तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश दोन्ही मोफत आहेत. टर्नरमध्ये ‘युग’, ‘अक्ष’, ‘अर’ अशी संस्कृत रूपे टाकली की जू, आस आणि आरा यांची वाट मिळते. शोध रोमन लिपीत करायचा असेल तर दीर्घ स्वरांच्या खुणांकडे लक्ष द्या. त्या चुकल्या की हाती भलतीच नोंद येते.