कानातल्या मळाचे 80 हजार

इंदूरच्या मुलांची अग्निवीर भरती महूच्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसकडून होते. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा. त्यात पास झालेल्यांनाच रॅलीला बोलावतात: 1.6 किलोमीटर धावणं, पुलअप्स, 9 फुटांच्या खड्ड्यावरून उडी, झिगझॅग पट्टीवर तोल सांभाळणं, मग कागदपत्रं आणि मेडिकल. साडेपाच मिनिटांत पोचलात तर 60 गुण, 10 पुलअप्सना 40, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतं. तिथं दलालाची डाळ शिजत नाही. तो गाठतो मेडिकलला अडकलेल्या मुलाला.

इथल्याच एका मराठी घरातल्या मुलाला शारीरिकमध्ये पैकीच्या पैकी गुण. मेडिकलला डॉक्टरांनी कानात पाहिलं, तर मळ इतका घट्ट की पडदाच दिसेना. टेम्पररी अनफिट. हातात रिव्ह्यूची, म्हणजे फेरतपासणीची, चिठ्ठी मिळाली: मिलिटरी हॉस्पिटल कुठलं, मुदत किती. ही रीतच आहे, तिला एक पैसा लागत नाही.

संध्याकाळी दलाल दारात. "काकू, हॉस्पिटलात आपला माणूस आहे. नाव नाही लागलं तर पैसे परत." 80 हजार रोख घेतले, वर दहावीची मूळ मार्कशीट ठेवून घेतली. आणि जाता जाता मुलाला सांगितलं, "कान तेवढे साफ करून घे." खरं काम तेवढंच होतं! चार-पाच दिवस थेंब घालून मळ मऊ करायचा आणि कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्यायचा. खर्च काहीशे रुपये. मुलगा रिव्ह्यूत फिट झाला. पुढं अंतिम यादीत नाव आलं नाही, कारण ती लेखी आणि शारीरिकच्या गुणांवर लागते; मेडिकलला गुण नसतात. पैसे परत मागितले तर दलालाचं उत्तर, "मेडिकलचं काम झालं ना?"

या दलालांचा हिशोब सरळ आहे. 20 मुलांकडून घ्यायचे. 4-5 जण स्वतःच्या मेहनतीनं लागतातच, त्यांचे पैसे खिशात. उरलेल्यांना थोडे परत, थोडे 'खर्च झाले'. लाच दिली म्हणून आपणच अडकू, या भीतीनं वडील ठाण्यात जात नाहीत, आणि दलाल त्याच भीतीवर जगतो.

कान आणि दात रॅलीच्या महिनाभर आधीच दाखवून घ्या. भरतीच्या वेबसाइटचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारालाही नाही. प्रवेशपत्र स्वतःच्या लॉगिनमधूनच काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेलं जॉइनिंग लेटर आलं तर ते घेऊन थेट महूच्या ऑफिसात जा.

मूळ मार्कशीट तर मुळीच देऊ नका, भरतीच्या कागदपत्रांत तीच लागते. अडकलीच असेल तर ती सोडवायला आणखी पैसे मोजू नका. बोर्डाकडे डुप्लिकेटसाठी अर्ज करा. पैसे यूपीआयनं गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रोख दिले असतील तर चॅट आणि कॉलची नोंद पुसू नका, ती घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.