३९ वी की २/१४ वी, सरस कोण?

कोकोडा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनी बेटावरच्या पापुआतल्या डोंगरवाटेवर ऑस्ट्रेलियन आणि जपानी झुंजले ती मोहीम, म्हटलं की ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या या दोन पायदळ बटालियन डोळ्यांपुढे येतात. ३९ वी मिलिशियाची, म्हणजे देशरक्षणापुरत्या अर्धवेळ फौजेची. कायद्याने तिला ऑस्ट्रेलिया आणि तिच्या ताब्यातल्या प्रदेशाबाहेर पाठवता येत नसे, पण पापुआ ऑस्ट्रेलियाच्याच अखत्यारीत होता! यातली पोरं कोवळी, प्रशिक्षण जेमतेम. ‘चॉकलेट सैनिक’ म्हणून चिडवत त्यांना, म्हणजे ऊन लागलं की वितळणारे. २/१४ वी परदेशात लढायला भरती झालेल्या स्वयंसेवकांची. १९४१ मध्ये सीरिया-लेबनॉनमध्ये लढून आलेली.

जुलै १९४२ मध्ये जपान्यांना आधी भिडली ती ३९ वी. २९ जुलैला तिचे कमांडर ओवेन धारातीर्थी पडले, पुढे राल्फ हॉनर आले. ऑगस्टअखेर त्याच वाटेवरच्या इसुरावा गावात पोरं तापाने आणि जुलाबाने खंगलेली होती. परत पाठवलेल्या आजाऱ्यांपैकी काहीजण तर लढाई पेटल्याचं कळताच वाटेतूनच पुन्हा लढाईकडे वळले.

तिथेच २/१४ वी मदतीला पोचली. २९ ऑगस्टला तिचा ब्रूस किंग्सबरी ब्रेन गन ही हलकी मशीनगन कमरेशी धरून, गोळ्या झाडत थेट शत्रूवर धावला. फळी सावरली, तो मात्र गोळी लागून गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

लढाईचं कसब २/१४ वीचं जास्त, यात वाद नाही. तरी मला विचाराल तर माझं माप ३९ वीच्या पदरात. डिसेंबरात पापुआच्या किनाऱ्यावरचं गोना जपान्यांकडून घेणाऱ्यांतही ती होती, आणि १९४३ मध्ये तिला मोडीत काढलं. २/१४ वी १९४५ मध्ये बोर्निओतल्या बालिकपापनपर्यंत लढत राहिली.