दरमहा मीटअप की वर्षाची परिषद? बडोद्यात ओपन सोर्सचा कार्यक्रम ठरवताना

गेल्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी घरी आली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांची नात. म्हणाली, "काका, आम्ही सहा जणं आहोत. बडोद्यात ओपन सोर्सचं काहीतरी सुरू करायचंय. एक मोठी कॉन्फरन्स करावी, की दर महिन्याला मीटअप घ्यावा?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही बघता, वापरता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. चहा पिऊन ती निघणार होती, पण बोलता बोलता साडेनऊ वाजले. हाच प्रश्न आणखी कुणाला पडला असेल तर उपयोगी पडेल, म्हणून ते बोलणं जरा नीट लावून लिहितोय.

दोन्ही प्रकार मी या शहरात केले आहेत. त्यांच्या जोडीला एक हॅकेथॉन (ठरलेल्या तासांत प्रोग्राम लिहिण्याची स्पर्धा) आणि बरेच इन्स्टॉल फेस्टही (लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम घालून देण्याचा दिवस). माझं मत आधीच सांगतो: सहा जणं असाल तर मीटअपपासून सुरुवात करा, दर तिसऱ्या महिन्याला भाषणांऐवजी हाताने काम करण्याचा दिवस ठेवा, आणि पहिलं दीड वर्ष परिषदेचा विषय काढू नका.

माणसं

मीटअपला दोन माणसं पुरतात. एक जण वक्त्याच्या मागे लागतो, दुसरा जागेच्या. प्रोजेक्टर, एचडीएमआयची वायर, टाइप-सीचा अडॅप्टर, दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणि पाण्याचा जार एवढ्यावर रविवारची सकाळ छान पार पडते. वक्ता ऐन वेळी आला नाही तर आलेल्यांपैकी कुणीतरी आपला प्रोजेक्ट दाखवतो, आणि पुष्कळदा तोच भाग लोकांना जास्त आवडतो.

परिषदेचं तसं नाही. वक्त्यांकडून प्रस्ताव मागवा, ते वाचून निवडा, न निवडलेल्यांना सभ्यपणे कळवा, वेळापत्रक लावा, प्रायोजक शोधा, जेवण, बॅज, माइक, रेकॉर्डिंग, बाहेरगावच्या वक्त्यांची राहण्याची सोय. दोनशे लोकांच्या एका दिवसासाठी चार-पाच महिने आठ-दहा माणसं राबतात, आणि ती सगळी नोकरी किंवा कॉलेज सांभाळून. बडोद्याची एक सोय मात्र मान्य करायला हवी: आपण मुंबई-दिल्ली मुख्य रेल्वेमार्गावर आहोत. अहमदाबाद, सुरतचा वक्ता सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो, मुंबईचासुद्धा जमवू शकतो.

खरी अडचण संख्येची नाही. आपली मुलं शहर सोडून जातात. शेवटचं वर्ष संपलं की निम्मी टीम पुण्याला, बेंगळुरूला, अहमदाबादला. परिषद वर्षातून एकदा होते, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ती जास्तीत जास्त दोनदा करायला मिळते. पहिल्यांदा तो सांगितलेलं काम करतो, दुसऱ्यांदा चालवतो, आणि तिसऱ्यांदा तो इथे नसतो. मीटअप त्याच काळात वीस-बावीस वेळा होतो. कुणाला फोन करायचा, जागेची किल्ली कुणाकडे असते, प्रोजेक्टर कुठल्या रिझोल्युशनवर चालतो, हे नव्या मुलाच्या हाती आपोआप येतं. माझ्या लेखी ही एकच गोष्ट मीटअपच्या बाजूने सर्वांत मोठी आहे.

देशातल्या मोठ्या परिषदा बघितल्या तरी हेच दिसतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची परिषद पायकॉन इंडिया 2009 मध्ये बेंगळुरूला पहिल्यांदा भरली, पण तिथल्या बंगपायपर्स या पायथनवाल्यांच्या गटाच्या भेटीगाठी त्याआधीपासून चालू होत्या. माणसं एकमेकांना ओळखत होती, मग परिषद उभी राहिली. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतलं गनूनिफाय हे ओपन सोर्स संमेलन विद्यार्थी करत आले, पण त्यांच्या पाठीशी पुण्याचा लिनक्स युजर ग्रुप होता. याउलट लिनक्स बेंगलोर या नावाने 2001 मध्ये सुरू झालेली आणि पुढे फॉस डॉट इन (फॉस म्हणजे मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर) झालेली परिषद देशभर गाजली, स्वयंसेवकांनीच चालवली, आणि 2012 नंतर थांबली. तिचं महत्त्व मी कमी लेखत नाही. तिथून परतलेल्या कितीतरी लोकांनी आपापल्या गावी काम सुरू केलं. पण एवढी मोठी गोष्ट वर्षानुवर्षं ओढायला किती बळ लागतं, हे सहा जणांनी आधी समजून घ्यावं.

पैसा

मीटअपचा खर्च चहा-नाश्त्याचा. सेव-उसळ आणि चहा आलेल्यांनी वर्गणीत भागवली तरी कुणी कुरकुरत नाही. परिषदेचा आकडा लाखांत जातो, आणि तिथे एक प्रश्न उभा राहतो ज्याचा विद्यार्थी आधी कधीच विचार करत नाहीत: पैसे घ्यायचे कुणाच्या खात्यात? प्रायोजक कंपनीला बिल लागतं, पॅन लागतो, पुष्कळदा जीएसटी क्रमांकही. तुमची नोंदणीकृत संस्था नसेल तर ती रक्कम कुणातरी एकाच्या बचत खात्यात जमा होते, आणि वर्षाअखेरी त्याचा हिशेब देता देता तो मुलगा रडकुंडीला येतो. पहिल्या वर्षी हे आमच्याकडे घडलं आहे. उपाय साधा आहे: प्रायोजकाला म्हणा, पैसे आमच्याकडे देऊ नका, केटररचं बिल थेट तुम्हीच भरा. रक्कम मोठी असेल तर एखाद्या संस्थेच्या छत्राखाली जा. 2020 मध्ये सुरू झालेली फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था अशा कार्यक्रमांना आर्थिक मदत देते. तिथे अर्ज करताना आधीच्या वर्षभराच्या मीटअपची नोंद दाखवता आली तर बोलणं सोपं होतं.

प्रवेश फुकट ठेवायचा की तिकीट लावायचं, यावर आमच्यात कडाक्याचे वाद झाले. ब्रसेल्समधलं फॉसडेम हे ओपन सोर्स संमेलन वीसहून अधिक वर्षं चालू आहे, तिथे तिकीट नाही, नावनोंदणीसुद्धा नाही, आणि हजारो लोक येतात. पण तिथे विद्यापीठाचं आवार मिळतं आणि जेवण ज्याचं त्याने विकत घ्यायचं असतं. पायकॉन इंडिया तिकीट लावते. वर्डप्रेसवाल्यांचा वर्डकॅम्पही लावतो, फक्त रक्कम मुद्दाम कमी ठेवतो. आम्ही एका वर्षी सगळं फुकट ठेवलं. नोंदणी भरभरून झाली, जेवण त्या हिशेबाने सांगितलं आणि निम्मी माणसंही आली नाहीत. उरलेलं अन्न रात्री स्टेशनबाहेर वाटलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मीटअप कायम फुकट, आणि जेवण असेल त्या दिवशी जेवणापुरते पैसे आगाऊ. ज्याला तेही परवडत नाही त्याने एक निरोप पाठवावा, कारण विचारलं जाणार नाही.

जागा आणि तारीख

कॉलेजचं सभागृह मोठं आणि बहुधा मोफत असतं. पण ते तुमच्या हातात नसतं. आमच्या परिषदेच्या आधीच्या बुधवारी एका कॉलेजने सभागृह रद्द केलं, कारण त्याच शनिवारी कॅम्पस प्लेसमेंट ठरलं. तीन दिवसांत दुसरी जागा शोधून प्रत्येकाला कळवताना टीममधल्या दोघांचे आवाज बसले. मीटअपची जागा अशी गेली तर वीस जणांना एका संदेशात सांगता येतं आणि कुणाच्या तरी ऑफिसात बसता येतं. शिवाय वाघोडिया रस्त्यावरच्या किंवा शहराबाहेरच्या कॉलेजात ठेवलं की गावातला नोकरदार येत नाही, आणि अलकापुरीतल्या ऑफिसात ठेवलं की हॉस्टेलची मुलं येत नाहीत. म्हणून जागा आलटून पालटून ठेवा. वेळ सकाळी दहा ते एक. संध्याकाळी ठेवलं की हॉस्टेलच्या मुली अर्ध्यातून उठतात.

तारखेचं गणित बडोद्यात फार अवघड आहे. मकरसंक्रांतीचे दोन दिवस सगळं शहर गच्चीवर. ऑगस्टअखेर पाऊस, 2024 मध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला तो याच दिवसांत. मग दहा दिवस गणपती, पाठोपाठ नवरात्र. नऊ रात्री गरबा खेळून कुणी रविवारी सकाळी गिटवर (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) बोलायला येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही करू नये. पुढे दिवाळी ते लाभपंचमी. परिषदेसाठी उरतात जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी, आणि तेव्हाच कॉलेजांचे स्वतःचे फेस्ट असतात. सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो. 2025 मध्ये तो 20 तारखेला, नवरात्राच्या दोनच दिवस आधी आला होता. 2026 मध्ये तो 19 तारखेला, म्हणजे गणपतीतच आहे. मीटअप अशा महिन्यात आठवडाभर पुढे सरकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

हॅकेथॉन

यावर थोडक्यात. विद्यार्थ्यांना तो सर्वांत आधी सुचतो, कारण बक्षिसं असतात आणि प्रायोजक लवकर मिळतात. पण चोवीस तासांत लिहिलेला कोड सोमवारी कुणी उघडत नाही. बक्षिसाने ओपन सोर्सचं काय होतं ते 2020 च्या हॅकटोबरफेस्ट या ऑनलाइन उपक्रमात दिसलं: टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा (कोडमध्ये सुचवलेल्या बदलांचा) असा पूर आणला की मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, हैराण झाले आणि आयोजकांना मध्येच नियम बदलून फक्त स्वतःहून सामील होणाऱ्या प्रोजेक्टपुरता कार्यक्रम ठेवावा लागला. करायचाच असेल तर बक्षीस न ठेवता करा आणि एखादा चालू प्रोजेक्ट, त्याचा मेंटेनर समोर बसवून, निवडा.

हाताने काम करण्याचा दिवस

यावर मात्र मी हटून बोलतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला. शहरात असे कितीतरी लॅपटॉप आहेत जे विंडोज 11 घेऊ शकत नाहीत, पण लिनक्सवर आणखी पाच-सात वर्षं चालतील. इन्स्टॉल फेस्टला वक्ता लागत नाही. आठ-दहा जाणकार मुलं, बूट होणारे पेनड्राइव्ह, एक मोकळी हार्ड डिस्क आणि टेबलं लागतात. आमंत्रणात दोन ओळी ठळक लिहा: डेटाची प्रत घरून काढून आणा, आणि बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की बरोबर ठेवा. ही दुसरी ओळ आम्ही एकदा विसरलो आणि एका गृहस्थांचा लॅपटॉप संध्याकाळपर्यंत कुलूपबंद राहिला.

मागच्या फेस्टला रावपुऱ्यातले एक निवृत्त मास्तर आले होते. चार जीबी रॅमचा लॅपटॉप, सुरू व्हायला सात मिनिटं. एका मुलाने त्यात एसएसडी बसवली, लिनक्स मिंट घातलं. मास्तरांना हवं होतं मराठी. त्यांनी "दुसऱ्या" लिहायला घेतलं आणि "दुसर्या" उमटलं. म्हणाले, "हे चालायचं नाही हो." मुलगा गुजराती, त्याला फरकच कळेना. मग टीममधल्या एका मुलीने इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे दाबायला सांगितलं, मग डी, मग य आणि काना. पडद्यावर "ऱ्या" नीट आलं. मास्तरांनी खाली बसून "दुसऱ्या, पायऱ्या, बिचाऱ्या, कोपऱ्यात" असं पानभर लिहिलं. पुढच्या महिन्यात ते मीटअपला आले, आणि आता आमच्यातल्या दोघांनी चालवलेल्या मराठी भाषांतराच्या कामात शब्द तपासतात. कोडची एक ओळ न लिहिता माणूस ओपन सोर्समध्ये सामील झाला. परिषदेत ते मागच्या खुर्चीवर बसून जेवून गेले असते.

1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. इन्स्टॉल फेस्ट कारेलीबागेत, मांजलपुरात, मंडळाच्या हॉलमध्ये घेताना मला त्या पेट्या आठवतात.

परिषद कधी

त्या मुलीने हे शेवटी विचारलं. मी तीन खुणा सांगितल्या. एक, सलग बारा महिने मीटअप झालेला असावा, त्यातले निदान तीन तुम्ही सहा जणं नसताना. दोन, बडोद्यातलेच पाच-सहा वक्ते असावेत, ज्यांनी मीटअपमध्ये तेच भाषण एकदा दिलेलं आहे. तीन, आचारसंहिता लिहिलेली असावी आणि तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची, त्यातली एक स्त्री, नावं आणि फोन भिंतीवर लावलेले असावेत. हे तिसरं पहिल्याच मीटअपपासून करा. अनोळखी माणसं एकत्र येतात तिथे वीस काय आणि दोनशे काय, एखादी मुलगी न सांगता यायची थांबली तर तुम्हाला कारण कधीच कळत नाही.

तिने वहीत टिपून घेतलं. पहिला मीटअप दुसऱ्या रविवारी, फतेहगंजमध्ये तिच्या मामांच्या ऑफिसात ठरला आहे. प्रोजेक्टर माझा, अडॅप्टर तिचा, आणि पहिलं भाषण तिच्या वर्गातल्या मुलाचं, गिटवर. मास्तरही येणार आहेत.