नेब्रास्कात घर कशाचं: गवताळ मातीचं की फळ्यांचं?

अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे, पण तिथं घर बांधून पाच वर्षं राहावं लागे. नेब्रास्काच्या माळावर पोचलेल्या कुटुंबापुढे पहिलाच पेच: घर मातीचं की लाकडाचं?

खर्चात तुलनाच नाही. माळावर झाड जवळपास नाहीच. लाकूड दुरून रेल्वेनं यायचं, मग स्टेशनापासून बैलगाडीनं. मातीच्या घराला विकत काय लागे, तर दार, खिडकी, खिळे.

मेहनत मात्र मातीच्या घरालाच जास्त. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीन खास नांगरानं पट्ट्यांत कापायची, त्यांच्या फूटभर रुंद, दोन-तीन फूट लांब लाद्या करायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून रचायच्या. भिंत दोन-तीन फूट जाड होई. म्हणून आत उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. जिथं जळणाचीही मारामार, तिथं हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. वणव्यातही या भिंती टिकत. पातळ फळ्यांच्या घरात वारा थेट आत घुसे.

टिकाऊपणात आणि स्वच्छतेत फळ्यांचं घर सरस. मातीचं छप्पर गळे, पाऊस थांबल्यावरही चिखल ठिबकत राही. उंदीर, साप आत येत. माती अंगावर पडू नये म्हणून बायका छताखाली मांजरपाट ताणून बांधत.

हातात पैसा नाही आणि हिवाळा तोंडावर आलाय, त्यांनी मातीचंच घर बांधावं. दोन-चार पिकं हाती आलेल्यांनी, स्टेशन जवळ असेल तर, फळ्यांचं.