स्वयंपाकघरातील पाइप गॅस: कोथरूडमधील एका ग्राहकाचा अभिप्राय

कोथरूडमधील आमच्या जुन्या सोसायटीत पाइप गॅस येऊन बराच काळ लोटला आहे आणि सिलिंडरच्या तुलनेत ही सेवा कशी आहे, अशी विचारणा शेजारच्या सोसायट्यांतून वारंवार होते. घरगुती वापरासाठी जोडणी अवश्य घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र ती घेताना विक्री प्रतिनिधी जी कारणे सांगतात त्यांतील निम्मीच खरी आहेत आणि उरलेली तपासायची तर पुण्याबाहेर, किंबहुना देशाबाहेर पाहावे लागते.

आधी ओट्यावरचा अनुभव सांगतो. जोडणी देताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या छिद्राचे बसवतात, कारण पाइपमधला नैसर्गिक वायू सिलिंडरमधल्या एलपीजीपेक्षा हलका असतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता कमी भरते. हे काम नीट झाले नाही तर ज्योत मंद राहते आणि भाकरी फुगण्याऐवजी वाळते. आमच्याकडे कंत्राटदाराच्या माणसांनी ते घाईत उरकले होते आणि दुरुस्तीसाठी बराच पाठपुरावा करावा लागला. भिंतीला पाडलेली छिद्रे बुजवायला तर कोणी आलेच नाही. एरवी तक्रारीला जागा नाही. ऐन सणात सिलिंडर संपण्याची धास्ती गेली, बिल वापराइतकेच येते आणि गळती झालीच तर हा वायू जमिनीलगत साचून न राहता वर निघून जातो, त्यामुळे खिडकी उघडी असलेल्या स्वयंपाकघरात तो अधिक सुरक्षित ठरतो.

आता त्या कारणांकडे वळतो. सिलिंडरमधला गॅस परदेशातून येतो आणि पाइपमधला आपला स्वतःचा असतो, असे आम्हाला सांगण्यात आले होते. यातला पहिला भाग बरोबर आहे. भारत जेवढा एलपीजी वापरतो त्यातला सुमारे 60 टक्के आयात होतो, त्यातला बहुतांश आखाती देशांतून, इराण आणि ओमान यांच्यामधल्या होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीमार्गे येत आला आहे आणि त्याचा भाव सौदी अरेबियाची सरकारी तेल कंपनी अरामको दर महिन्याला जाहीर करत असलेल्या दराशी बांधलेला असतो. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी 2026 सालासाठी सुमारे 22 लाख टन एलपीजी अमेरिकेतून घेण्याचा करार केला. तो काही केवळ स्वस्ताईसाठी नव्हता. रशियन तेलाच्या खरेदीवरून अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 25 टक्के जादा आयातशुल्क लादले होते आणि व्यापाराचा तोल दाखवण्यासाठी काहीतरी अमेरिकेकडून विकत घेणे दिल्लीला सोयीचे होते.

दुसरा भाग मात्र अर्धसत्य आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा द्रवरूपात, म्हणजे एलएनजी म्हणून जहाजांतून येतो. त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार कतार आहे, सर्वांत मोठे टर्मिनल गुजरातमधील दहेज येथे आहे आणि कतारची जहाजेही होर्मुझमधूनच निघतात. फेब्रुवारी 2024 मध्ये एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीने कतारशी वर्षाला 75 लाख टनांचा करार 2028 ते 2048 या काळासाठी पुन्हा केला. म्हणजे सिलिंडर सोडून पाइप घेणारा ग्राहक त्या अरुंद समुद्रमार्गापासून सुटत नाही.

तरीही पाइप गॅसचे घरगुती दर त्या मानाने स्थिर राहतात, याचे श्रेय सरकारी वाटपाच्या प्राधान्यक्रमाला द्यावे लागेल. अरबी समुद्रातील मुंबई हायसारख्या देशातल्या जुन्या क्षेत्रांतील स्वस्त वायू वाटताना घरगुती स्वयंपाक सर्वांत वर ठेवला जातो. एप्रिल 2023 पासून या वायूचा दर कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के ठरवून त्यावर दर एमएमबीटीयूमागे (वायूची उष्णता मोजण्याचे एकक) 6.5 डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली आणि एप्रिल 2025 मध्ये ती 6.75 झाली. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण 26 ते 27 घनमीटर. मार्च 2022 मध्ये आशियातील एलएनजीचा तात्काळ खरेदीचा भाव काही काळ 80 डॉलरच्या वर गेला होता. त्या दराने नुसता वायूच घनमीटरला 230 रुपयांच्या आसपास पडला असता, म्हणजे महिन्याला 13-14 घनमीटर जाळणाऱ्या घराला तीन हजारांचा भुर्दंड. त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानच्या एलएनजी निविदेला एकाही विक्रेत्याने प्रतिसाद दिला नाही, कारण युरोप अधिक पैसे मोजत होता. आमच्या बिलावर त्या महिन्यांची झळ दिसली, पण चटका बसला नाही, तो या वाटपामुळे.

ज्यांना हे संरक्षण नव्हते त्यांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीने 2012 मध्ये रशियाच्या सरकारी गाझप्रॉमच्या सिंगापूरस्थित कंपनीशी वर्षाला 25 लाख टन एलएनजीचा वीस वर्षांचा करार केला आणि 2018 पासून माल येऊ लागला. ही सिंगापूरची कंपनी गाझप्रॉमच्या बर्लिनमधील उपकंपनीच्या मालकीची होती. युक्रेनवरील हल्ल्यानंतर एप्रिल 2022 मध्ये जर्मन सरकारने ती उपकंपनी आपल्या ताब्यात घेतली, तेव्हा मे महिन्यात रशियाने तिच्यावरच निर्बंध घातले आणि तिला मिळणारा उत्तर रशियातील यामालचा वायू बंद झाला. भारताने रशियावर निर्बंध घातलेले नव्हते, रशियाने भारतावर घातलेले नव्हते, तरी ठरलेली जहाजे आली नाहीत आणि गेलला खत कारखान्यांसह औद्योगिक ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. हा वाद लवादापर्यंत गेला आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर मिटला. निर्बंध कोण कोणावर घालतो यापेक्षा करारावर सही करणाऱ्या कंपनीचा मालक कोणत्या देशात बसतो, हे कधी कधी जास्त महत्त्वाचे ठरते. हल्ली मोठे ग्राहक हे करार करतानाच पाहत असावेत, अशी आशा आहे. तेलाच्या बाबतीत भारताला याची चव आधीच मिळाली होती: इराणवरील निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपताच मे 2019 मध्ये इराणी तेलाची खरेदी थांबली आणि भारतीय कंपन्यांनी 2008 मध्ये शोधलेले इराणचे फर्झाद-बी वायुक्षेत्रही पुढे हातचे गेले.

हा प्राधान्यक्रम शहरातल्या शहरातही भेद करतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने दोन टप्प्यांत सीएनजीसाठीच्या स्वस्त वायूचा वाटा कापला आणि ती तूट वितरकांना महाग वायूने भरून काढावी लागली. घरगुती पुरवठ्याला हात लागला नाही. आपल्या ओट्यावरची स्थिरता काही प्रमाणात सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षांचे चालक आणि पीएमपीच्या शहर बसचे प्रवासी यांच्या खिशातून येते, हे पुणेकरांनी लक्षात ठेवलेले बरे.

या सगळ्याचा विचार करून मी घरगुती जोडणीला पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण बसवणीच्या कामाचा आणि विक्रीच्या वेळी सांगितलेल्या अर्धसत्याचा आहे. सोबत एक इंडक्शन शेगडी जरूर ठेवावी. राज्याची वीज अजूनही मुख्यतः कोळशावर चालते, त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीने तिचे कौतुक करता येत नाही, पण चंद्रपूरच्या वीजकेंद्राचा कोळसा होर्मुझमार्गे येत नाही. खानावळ, बेकरी किंवा पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र शेजाऱ्याचे घरगुती बिल पाहून निर्णय घेऊ नये. स्वस्त वायूचा हा अग्रहक्क व्यावसायिक जोडणीला लागू नाही आणि तिचे दर बाजाराच्या अधिक जवळून चालतात. अर्ज करण्यापूर्वी वितरकाकडून 2022 पासूनचे व्यावसायिक दर मागून घ्यावेत, आणि ते सोसतील असे वाटले तरच सिलिंडरची जोडणी परत करावी.