मुंबईत पक्ष्यांचे फोटो: ब्रिज कॅमेरा, जुना डीएसएलआर की हलका मिररलेस?

दिवाळीचा बोनस हातात पडतो त्याच सुमारास ठाणे खाडीत आणि बोरिवलीच्या जंगलात थंडीचे पाहुणे पक्षी उतरायला लागतात. मग ‘पक्ष्यांच्या फोटोसाठी कुठला कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न येतोच. उत्तर देणारे लगेच लेन्सच्या मिलिमीटरवर उतरतात (आकडा मोठा, तितका लांबचा पक्षी जवळ दिसतो): चारशे, सहाशे, दोन हजार. मी आधी उलट विचारतो, तुम्हाला पक्षी ओळखायचेत की त्यांचे देखणे फोटो काढायचेत? सगळे ‘दोन्ही’ म्हणतात. पण पहिल्या खरेदीत कुठेतरी झुकतं माप द्यावंच लागतं.

तुलनेला तीन पर्याय घेतो, कारण नवशिक्यांची चर्चा फिरून फिरून यांच्याभोवतीच येते. एक, निकॉन पी९५०: लेन्स न निघणारा ब्रिज कॅमेरा, ८३ पट झूम, म्हणजे २४ ते २००० मिमीच्या तोडीचा. दोन, सेकंड हँड निकॉन डी७५०० (डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा) आणि त्यावर २००-५०० एफ/५.६ लेन्स (एफचा आकडा लहान, तितका आत येणारा प्रकाश जास्त). तीन, कॅनन आर१० (मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला) आणि आरएफ १००-४०० लेन्स. क्रॉपचा, म्हणजे सेन्सर लहान असल्याने पक्षी आणखी जवळ दिसण्याचा हिशोब धरला तर दुसरी जोडी ७५० मिमीपर्यंत जाते, तिसरी ६४० पर्यंत. नुसत्या आकड्यांवर ब्रिज कॅमेरा कितीतरी पुढे दिसतो. तो खरंच पुढे आहे, पण ठरावीक जागीच.

ती जागा म्हणजे शिवडी. भरतीचं पाणी चढत असतं तेव्हा चिखलावरचे पक्षी काठाकडे सरकत येतात. ओहोटीला ते इतके आत जातात की ५०० मिमीतही नुसते ठिपके उरतात. अशा वेळी पी९५० रेलिंगवर टेकवून दोन हजारापर्यंत ओढला की रोहित पक्ष्याची चोच दिसते, आणि तिथेच निकाल लागतो. चोच काळपट लाल असेल तर लहान रोहित. गुलाबी चोचीला फक्त टोकाशी काळं असेल तर मोठा रोहित. चिखलावरच्याच ग्रीनशँक या पक्ष्याची जाडसर, किंचित वर वळलेली चोच आणि मार्श सँडपायपरची सुईसारखी सरळ चोच हा फरकही असाच लांबून पकडता येतो. फोटो भिंतीवर लावण्यासारखा नसतो, पण नाव ठामपणे लिहिता येतं. मात्र दहा वाजले की चिखलावरून गरम हवा थरथरायला लागते. मग दोन हजार काय आणि पाचशे काय, सगळंच पाण्याखालून काढल्यासारखं येतं. भरतीचं वेळापत्रक बघून सकाळी लवकर पोचणं हे कुठल्याही लेन्सपेक्षा स्वस्त पडतं.

आता हाच कॅमेरा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात न्या. (सोमवारी नको, बंद असतं.) दाट सावलीत स्वर्गीय नर्तक या फांदीवरून त्या फांदीवर जातोय. पी९५० चा सेन्सर डी७५०० च्या साधारण तेराव्या भागाएवढा आहे आणि पूर्ण झूमला ॲपर्चर एफ/६.५ वर येतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवावा लागतो आणि पिसांचा तपशील रवाळ होऊन जातो. शिवाय पूर्ण झूमवर पक्षी चौकटीत सापडेपर्यंत तो उडालेला असतो. इथे २००-५०० ची जोडी सरस आहे: सेन्सर मोठा आणि एफ/५.६ शेवटपर्यंत टिकतं. आरएफ १००-४०० टोकाला एफ/८ होते, म्हणजे प्रकाश निम्माच. पण आर१० पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरून ठेवतो. निम्म्या प्रकाशातला नेमका फोकस मला भरपूर प्रकाशातल्या चुकलेल्या फोकसपेक्षा बरा वाटतो. (बिबट्याचा विचार करून लेन्स घेत असाल तर तो सोडा. लेन्स बिबट्याला पुरेल, पण बिबट्या तुम्हाला पुरणार नाही.)

ऐरोलीहून वनखात्याच्या केंद्राची बोट खाडीत जाते, तिथे चित्र पुन्हा बदलतं. बोट हलते, इंजिनाची थरथर असते, ट्रायपॉडचा उपयोग नसतो. पक्षी बऱ्यापैकी जवळ मिळतात आणि थवा उठला तर रुंद चौकट हवी असते. १००-४०० इथे नेमकी बसते. ब्रिज कॅमेरा मागे पडतो.

म्हणून ‘ओळखण्यासाठी ब्रिज, फोटोसाठी बाकीचे’ ही सरळ वाटणी मला अर्धवट वाटते. ओळखीतही दोन प्रकार आहेत. एक, बसलेल्या पक्ष्याची, चोच, चेहरा आणि पाय बघून. दुसरी, उडणाऱ्याची, पंख बघून. बगळे पहिल्या प्रकारातले. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. छोट्या बगळ्याची चोच काळी आणि पायाची बोटं पिवळी, पण शिवडीला ती बोटं नेमकी चिखलात असतात. त्यात समुद्र बगळ्याचा पांढरा प्रकारही आपल्या किनाऱ्यावर असतो, म्हणून चेहऱ्याचा जवळून फोटो हवाच. कुरव (सीगल) दुसऱ्या प्रकारातले. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघांचंही डोकं पांढरंच असतं. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. हे बघायला पंख उघडलेला, १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरचा फोटो लागतो. इथे मिररलेस पहिला, डीएसएलआर थोडा मागे आणि ब्रिज जवळजवळ बाद.

आणि एक तिसरा वर्ग आहे, त्यात तिघेही हरतात. ग्रीनिश वॉर्बलर, ब्लिथ्स रीड वॉर्बलर अशी सगळी चिमुकली, मातकट-हिरवी पक्षी मंडळी. त्यांची ओळख आवाजावर पटते, तेव्हा फोटो काढता काढता मोबाइलवर आवाजही टिपून ठेवा. मर्लिन हे फुकट ॲप फोटो दाखवल्यावर ठिकाण आणि तारीख लक्षात घेऊन नावं सुचवतं. ती सुचवणीच समजा, निकाल नव्हे. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज स्पीकरवर वाजवणं मात्र टाळा. घरट्याच्या फोटोचंही तेच.

वजनाबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. पी९५० साधारण एक किलो, आर१० आणि १००-४०० मिळून जेमतेम अकराशे ग्रॅम, तर डी७५०० आणि २००-५०० मिळून तीन किलो. घरी गाडी असेल तर तीन किलो काहीच नाही. पण सकाळची हार्बर लोकल पकडून शिवडी, किंवा भांडुपला उतरून रिक्षाने पंपिंग स्टेशन आणि परतीला दहाची गर्दी, असा तुमचा रविवार असेल तर ती बॅग छातीशी धरून उभं राहायचंय हे लक्षात ठेवा. जड लेन्स घेतलेले बरेच जण सहा महिन्यांत ‘आज नको, पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणायला लागतात. माझं मत हलक्या जोडीकडे झुकतं त्याचं मोठं कारण हेच.

दुसरं कारण पावसाळा. जूनपासून पक्ष्यांचे फोटो अवघड होतात आणि फुलपाखरं, बेडूक, कोळी यांचे दिवस येतात. १००-४०० टोकाला ०.४१ पट मोठेपणा देते (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या ०.४१ पट), म्हणजे वेगळी मॅक्रो लेन्स न घेताही फुलपाखरू चौकट भरून मिळतं. २००-५०० ला निदान सव्वादोन मीटर अंतर लागतं आणि मोठेपणा जेमतेम ०.२२ पट.

आता बुरशी. मुंबईत कॅमेरा पडून फुटण्यापेक्षा कपाटात पडून खराब होण्याची भीती जास्त. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू शकते आणि जुलैत आपल्याकडे ती सहज ऐंशीच्या वर असते. लेन्सच्या काचेवर बारीक कोळिष्टकासारखे धागे दिसतात आणि वेळेत साफ केलं नाही तर वरचं कोटिंग खाल्लं जातं. ड्राय कॅबिनेट सर्वात सोयीचं. नाहीतर हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा, जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून कोरडं करा. तांदूळ नको, त्याचा भुगा आत शिरतो. डांबराच्या गोळ्याही नकोत. कॅमेऱ्याच्या बॅगेत किंवा चामड्याच्या खोळीत ठेवून पावसाळा काढणं सर्वात वाईट, कारण ओल तिथेच दबून राहते.

इथे ब्रिजचं एक दुखणं लक्षात घ्या. त्याची लेन्स निघत नाही. आत बुरशी किंवा धूळ गेली की पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च डोळ्यांत भरतो. बाकी दोन्ही जोड्यांत नुसती लेन्स साफ करायला देता येते. झूम करताना नळी पुढे येऊन बाहेरची हवा आत ओढणं तिन्हींत आहे. शिवडीहून आल्यावर खारं वारं लागलेली बॉडी किंचित ओलसर कापडाने आणि मग कोरड्याने पुसा. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते. पावसाचं म्हणाल तर डी७५०० ची बॉडी थोड्या सरी सोसते, बाकी कोणावर विसंबू नका.

सेकंड हँड घेताना फोर्टात बोरा बाजारात किंवा ओळखीतून लेन्स हातात आली की ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण चालतील, धागे दिसले तर परत द्या. डीएसएलआरमध्ये नवं फारसं काही येत नाही म्हणून तो घेऊ नये, हे मला पटत नाही. उलट त्यामुळेच भाव उतरलेत, आणि २००-५०० पुढे एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्ससाठीचा जोड) लावून निकॉनच्या मिररलेसवर चालते.

मग घ्यायचं काय? लोकलने फिरणार, जंगल आणि खाडी दोन्ही करणार, फुलपाखरंही आवडतात: आर१० आणि १००-४००. गाडी आहे, खांदे शाबूत आहेत आणि कमी प्रकाशातले फोटो हवेत: डी७५०० आणि २००-५००. खाडीकाठी उभं राहून यादी वाढवण्यातच आनंद वाटतो, बॅग सांभाळायचा कंटाळा आहे: पी९५०, पण सोबत हवाबंद डबा आजच घ्या. आणि अजून तांबट आणि खंड्या यांच्यापलीकडे नावं येत नसतील तर यंदाचा हिवाळा ८×४२ दुर्बिणीवर काढा, बोनस बँकेत राहू द्या. तरीही मन ऐकत नसेल तर कॅमेरा-लेन्स भाड्याने देणारी दुकानं मुंबईत आहेत. एका शनिवारी हवी ती जोडी घ्या आणि भांडुपला जा, पण जाता-येता लोकलनेच.